दुसरा टोप

फोंड्याहून पणजीला जाणाऱ्या बसमध्ये मी 2016 पासून दारापाशची सीट धरते. ओळखीच्या कंडक्टरांना वाटतं, बाईला उतरायची घाई. घाई कसली! त्या वर्षी जूनमध्ये मला मधुमेहासाठी मेटफॉर्मिन सुरू झालं आणि तिसऱ्याच सकाळी, कुंडई मागे पडून बस भोमच्या अरुंद रस्त्यात अडकली असताना, पोटात अशी कळ उठली की सगळी दैवतं आठवली. मंगेशी नुकताच मागे टाकला होता, त्यालाही परत हाक मारली. बाहेर धो धो पाऊस, खिडक्या बंद, पुढे बाणस्तारीच्या पुलापर्यंत गाड्यांची शेपटी. जुन्या गोव्याला कशीबशी उतरले आणि समोर दिसलेल्या हॉटेलात चहासुद्धा न मागता थेट मागच्या बाजूला गेले. हॉटेलवाल्याने काही विचारलं नाही. देव बरें करूं त्याचें.

दुसऱ्या दिवसापासून मी गोळी बंद केली. डॉक्टरांना सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

बसमधली गोष्ट पंचेचाळीस वर्षांची सरकारी नोकरीतली बाई कुणाला सांगणार? म्हणून मी लोकांना जरा प्रतिष्ठित कारण सांगायचे. "गोळ्यांनी किडनी जाते म्हणतात." आमच्या वाड्यावर इतक्या चटकन दुसऱ्या कुठल्या वाक्याला माना डोलत नाहीत. निवडणुकीच्या काळातसुद्धा नाही.

खरं सांगायचं तर भीती पूर्ण खोटीही नव्हती. तिची मुळं आईच्या आजारपणात होती. 2003 सालची आषाढी एकादशी. आईला तेव्हा मधुमेहाची ग्लिबेनक्लामाइड ही गोळी होती, रोज सकाळी एक. उपास तिने आयुष्यात मोडला नव्हता आणि गोळी चुकवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. तिने दोन्ही पाळलं. गोळी घेतली आणि दिवसभर पाण्याशिवाय काही घेतलं नाही. तिन्हीसांजेला दिवा लावायला उठली तेव्हा पोलकं घामाने चिंब, हात थरथरणारे, मला ओळखेना. वारलेल्या मामाला हाका मारायला लागली. शेजारची वहिनी म्हणाली, अंगात आलंय. भाऊ त्या वेळी एका फार्मसीत कामाला होता म्हणून त्याच्या लक्षात आलं. त्याने साखरेचं पाणी पाजलं. ती शुद्धीवर आली, सगळ्यांना रागावलीसुद्धा, उपास मोडला म्हणून. तासाभराने पुन्हा तेच. ती गोळी अंगात दिवसभर काम करत राहते, आणि म्हाताऱ्या माणसाच्या किडन्या मंदावलेल्या असल्या तर त्याहून जास्त. दोन रात्री हॉस्पिटलात ग्लुकोजच्या बाटलीवर काढल्या.

यातून मी एवढंच उचललं की गोळी वाईट. ती गोळी पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन काढते, म्हणून तिच्याबरोबर उपास जमत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मेटफॉर्मिनचं काम निराळं. ती मुख्यतः यकृताला रक्तात साखर ओतण्यापासून आवरते आणि एकटी घेतली तर सहसा साखर अशी कोसळवत नाही. किडनीचं तर उलटंच आहे. ही गोळी किडनी बिघडवत नाही. आधीच बिघडलेली किडनी गोळी बाहेर टाकू शकत नाही, म्हणून अशा माणसाला डोस कमी करतात किंवा बंद करतात. किडनी पोखरते ती वर्षानुवर्षं वाढलेली साखर. पण 2016 मध्ये हे मला माहीत नव्हतं, आणि डॉक्टरांनी पहिल्या दिवशी सांगितलं असेल तर मी ऐकलं नव्हतं. उपाशीपोटी 148, जेवणानंतर 236 आणि तीन महिन्यांची सरासरी (एचबीए1सी ही तपासणी) 7.9 टक्के, हे तीन आकडे कानात वाजत असताना माणूस पुढचं काय ऐकणार?

मग सात महिने झाडपाल्याचे. सकाळी कारल्याचा रस, दुपारी जांभळाच्या बियांची पूड, रात्री भिजवलेली मेथी. केमिकल नको, निसर्गाचं बरं, असं मी मोठ्या ठसक्यात सांगायचे. मला पुढे कळलं की मेटफॉर्मिनचं मूळच एका झुडपात आहे. युरोपात जुन्या काळी साखरेच्या आजारावर गालेगा नावाचं निळसर फुलांचं झाड द्यायचे. त्यातल्या द्रव्याच्या धाग्याने जाता जाता हे औषध प्रयोगशाळेत तयार झालं आणि 1957 मध्ये पॅरिसच्या झां स्टर्न या डॉक्टरांनी ते रुग्णांसाठी पुढे आणलं. म्हणजे मी एका झाडपाल्याला घाबरून दुसऱ्या झाडपाल्याकडे गेले होते. फरक इतकाच की पहिल्याचा डोस मिलिग्रॅममध्ये मोजलेला होता आणि त्याचे त्रास लिहून ठेवलेले होते. कारल्याचे कुणी लिहिले नव्हते. कारल्याने माझं तोंड कडू आणि स्वभाव त्याहून कडू झाला, याला घरचे साक्षी आहेत.

फेब्रुवारीत सरासरी निघाली 9.4. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, "बाय, गोळी घेत नाहीस तू."

मग मी बसची गोष्ट सांगितली. ते हसले आणि लगेच गंभीर झाले. म्हणाले, ही तर या गोळीची सगळ्यात नेहमीची तक्रार, एकदा फोन करायचास! सावकाश विरघळणारी गोळी मिळते, रात्री जेवणाबरोबर घ्यायची, छोट्या डोसपासून चढवायची. सात महिने आणि दीड टक्का साखर, एका न केलेल्या फोनपायी. ती नवी गोळी पोटाला मानवली. पहिल्यांदा पट्टी उघडली तेव्हा सुक्या बांगड्यासारखा वास आला. हा वास मेटफॉर्मिनला असतोच, पुष्कळांना त्याने मळमळतं. आमच्या घरात ती अडचण नव्हती. एकदा मात्र दचकले, गोळी आहे तशी बाहेर पडलेली दिसली. फार्मसीवाल्याने समजावलं, ते नुसतं टरफल, औषध आत गळून गेलेलं असतं.

त्या दिवशी डॉक्टरांनी आणखी एक गोळी वाढवली, ग्लिमेपिराइड, आईच्या गोळीच्याच घराण्यातली, आणि चिठ्ठीच्या तळाला दोन ओळी लिहिल्या: 'भात निम्मा. चालणे 30 मिनिटे.'

आता गंमत पाहा. मी फार्मसीतून मेटफॉर्मिनच्या खोक्यातला कागद मुद्दाम मागून आणला होता. एरवी तो आपल्याला मिळत नाही, पट्टी कापून देतात. उलगडला तर जेवणाच्या ताटाएवढा, दोन्ही बाजूंनी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेला. मळमळ, जुलाब, तोंडात धातूची चव, लाखांत एखाद्याला काय होऊ शकतं तेसुद्धा. आणि चिठ्ठीच्या तळाच्या त्या दोन ओळींना कागदच नाही. जणू निम्मा भात आणि अर्धा तास चालणं यांचा कुणाला काहीच त्रास नसतो.

आमच्याकडे सकाळी पेज, दुपारी शीत-हुमण, म्हणजे भात आणि माशाची आमटी, रात्री पुन्हा शीत. मी माझ्यासाठी दुसरा टोप चढवायला लागले. कधी नाचणी, कधी दलिया, बिनखोबऱ्याची भाजी. त्या टोपाला पंचवीस मिनिटं लागायची आणि चालायला तीस. हा तास आला कुठून? झोपेतून. साडेपाचचा गजर साडेचारवर गेला. महिन्याभरात मी ऑफिसात फायलीवर डुलक्या घ्यायला लागले. सासूबाई ऐंशीच्या घरात, त्यांनी दोन टोप पाहून विचारलं, "वाटणी झाली की काय आपली?" चेष्टाच होती, पण त्यांच्या माहेरी चुली खरंच वेगळ्या झाल्या होत्या आणि तो शब्द त्या सहज उच्चारत नसत. मुलगा पंधरा वर्षांचा, तो माझ्या ताटाकडे बघून आपलं शीत कमी वाढून घ्यायला लागला, आईसमोर खायला लाज वाटते म्हणून. नवरा बाहेर खाऊन यायचा. घरात कुणी काही बोलत नव्हतं, आणि आमच्या घरात कुणी बोलत नसलं की समजावं.

चवथीला भावाच्या घरी गणपतीवरच्या माटोळीखाली बसून मी नेवरी, म्हणजे करंजी, नाकारली. वहिनीने वर्षभरात एकदा केलेल्या नेवऱ्या. तिने डबा झाकला, काही म्हणाली नाही, आणि पुढच्या वर्षी मला विचारलंच नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं. एक खाल्ली असती तर काय झालं असतं? फार तर एका संध्याकाळचा आकडा.

चालायचं म्हटलं तर गावात फूटपाथ नाही, पहाटे कुत्रे, आणि जूनपासून चार महिने पाऊस. पावसात मी घरातच चालायचे, बाल्कांवापासून, म्हणजे पुढच्या ओसरीपासून, हॉलमधून परसापर्यंत 31 पावलं, वळायचं, पुन्हा 31. सासूबाई म्हणत, बोंडल्याच्या पिंजऱ्यातला वाघ. गुडघा धरला तो धरलाच. सहा किलो उतरले तर भेटेल तो विचारायला लागला, "बरी आहेस ना गो? काही निघालं का?"

दुसरा टोप सुटला तो ग्लुकोमीटरमुळे. पट्ट्या स्वस्त नाहीत, पण महिनाभर मी कंजूषपणा बाजूला ठेवला आणि जेवणानंतर दोन तासांनी बोट टोचत राहिले. दोन डाव शीत आणि हुमण: 218. तेच जेवण, पण आधी भाजी आणि नुस्तें (मासे), शीत शेवटी आणि एकच डाव: 171. तेच, आणि उठून पंधरा मिनिटं फेऱ्या: 149. चालताना स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणून पहाटेच्या अर्ध्या तासापेक्षा जेवणानंतरचा पाव तास माझ्या कामी जास्त आला. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, कोंडा लावलेल्या पोईला आमच्याकडे 'शुगरवाल्यांची' म्हणून मान आहे. एका पोईला 196, एका उंड्याला, म्हणजे साध्या पावाला, 199. कोंडा वरवरचाच की! सगळ्यांचं शीत पुन्हा एका टोपात शिजायला लागलं. गजर पाचवर आला.

आणि मग नोव्हेंबरात एका गुरुवारी साडेअकराच्या सुमाराला ऑफिसात माझं अक्षर तिरकं जायला लागलं. कपाळावर घाम, एसी चालू असताना. आईचं पोलकं आठवलं. शेजारच्या टेबलवाल्याने जत्रेतून आणलेलं खाजें तोंडात कोंबलं आणि ग्लुकोमीटर कुणाकडे आहे म्हणून विचारलं तर दोन मिनिटांत तीन आले. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, पाहणीचे आकडे 2023 मध्ये छापून आले, त्यात देशात प्रौढांमागे मधुमेही 11.4 टक्के आणि गोव्यात 26.4, सगळ्या राज्यांत पहिला नंबर. वाचून मला नवल वाटलं नाही, मी ते तीन मीटर आधीच पाहिले होते. माझा आकडा आला 58.

हा साइड इफेक्ट गोळीचा की चालण्याचा? डोस 9.4 वाल्या बाईसाठी लिहिलेला होता, आणि ती बाई आता निम्मा भात खात होती, चालत होती, सहा किलोंनी हलकी होती. डोस तिथेच राहिला. पथ्य वाढलं की गोळी मोजून कमी करायची असते, आणि त्यासाठी आपण पथ्य करतोय हे डॉक्टरांना कळायला हवं. मी ते सांगितलं नव्हतं, कारण मला वाटत होतं की पथ्य म्हणजे औषध नव्हे. आईने उपासाबद्दल तेच धरलं होतं. ग्लिमेपिराइड बंद झाली. पुढच्या तपासणीत सरासरी 6.7.

तेव्हापासून 'गोळ्या सोडा, चाला' छापाचे संदेश आले की मी जरा सावध होते. त्यांत एक आकडा हमखास असतो, 58 टक्के. तो खरा आहे, 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासाचा. वजन 7 टक्के उतरवणं आणि आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम, यांनी मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिनने 31 टक्क्यांनी. पण ते लोक काठावरचे होते, अजून मधुमेही झालेले नव्हते. आपल्याकडे चेन्नईत असाच अभ्यास झाला, 2006 साली आला, तिथे पथ्य-व्यायामाचा फायदा 28.5 टक्के आणि मेटफॉर्मिनचा 26.4, जवळजवळ सारखाच. हा आकडा मात्र मला अजून कुणी फॉरवर्ड केलेला नाही.

मधुमेह परतवण्याची गोष्टही खोटी नाही. ब्रिटनमध्ये 2017 साली आलेल्या डायरेक्ट नावाच्या अभ्यासात लोकांना तीन ते पाच महिने दिवसाला जेमतेम 850 कॅलरींच्या पेयांवर ठेवलं. वर्षाअखेरीस 46 टक्के लोक औषधाविना मधुमेहाच्या रेषेखाली होते, दोन वर्षांनी 36 टक्के. ज्यांनी 15 किलो किंवा जास्त उतरवले त्यांचं सर्वांत चांगलं झालं. मी 61 किलोंची. माझ्यातून 15 किलो काढले तर उरेल काय? पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी एक छायाचित्र प्रसिद्ध केलं होतं, त्यांचं स्वतःचं आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तंतोतंत सारखा, 22.3. गोऱ्या डॉक्टरांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या 21.2. आपण काटकुळे दिसतो आणि आतून लोणी साठवतो. मी ते चित्र सासूबाईंना दाखवलं होतं. त्या म्हणाल्या, दोघेही शिकलेले दिसतात.

गोळीने मात्र तिचा वाटा घेतलाच. 2022 मध्ये तळपायांना मुंग्या. सगळे म्हणाले, शुगरने नसा गेल्या. मीही तेच धरून बसले होते. डॉक्टरांनी बी12 तपासलं, तळाला गेलेलं. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतली तर हे जीवनसत्त्व आतड्यातून नीट शोषलं जात नाही. मी म्हटलं, दोतोर, मी तिसऱ्या खाते, बांगडा खाते, ते शाकाहारी लोकांना होतं ना? खाणं एक, अंगात जाणं दुसरं. इंजेक्शनं घेतली, मुंग्या बऱ्याचशा गेल्या. दरवर्षी तपासा म्हणून मी आता ओळखीच्या प्रत्येक शुगरवाल्याला सांगते, ऐको न ऐको.

पथ्य तेच, चालणं तेच, तरी पुढच्या वर्षी सरासरी 7.6 झाली. मला तो अपमान वाटला. मी काय चुकले? काहीच नाही, हा आजार सरकत राहतो, स्वादुपिंड थकत जातं. मग डापाग्लिफ्लोझिन आली. 2020 मध्ये तिचं पेटंट संपल्यावर ती स्वस्त झाली होती. ही गोळी साखर लघवीवाटे बाहेर टाकते, दिवसाला 60-70 ग्रॅम. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत ज्या लक्षणावरून, म्हणजे लघवीला लागणाऱ्या मुंग्यांवरून, हा आजार ओळखायचे, तेच आता औषध म्हणून मुद्दाम करवतात! किडनी आणि हृदयासाठी गोळी चांगली, हे सिद्ध झालेलं आहे. पण साखर जिथून जाते तिथे बुरशी धरते. आमच्या दमट हवेत, दिवसभर ऑफिसच्या खुर्चीत, जी खाज सुटली ती मी इथे वर्णन करून सांगणार नाही. बायकांना पुरुषांपेक्षा जास्त होते, आणि बायका पुरुष डॉक्टरला सांगत नाहीत, परस्पर गोळी टाकून देतात. मी या वेळी सांगितलं. मलम झालं, पाणी वाढवलं, बरं वाटलं, पुन्हा झालं. मग गोळी बदलली. लघवीत प्रथिनं जात असती तर मी तुला इतक्या सहजी सोडू दिली नसती, असं डॉक्टर म्हणाले, आणि मला ते पटलं. एकाच त्रासाचं वजन दोन माणसांच्या तराजूत सारखं भरत नाही.

यंदा मे महिन्यात नवऱ्याची तपासणी झाली. 6.2, काठावर. ज्या लोकांवर ते 58 आणि 28.5 वाले अभ्यास झाले, त्यांच्यातला हा. डॉक्टरांनी गोळी लिहिलीच नव्हती, तरी घरी येऊन हा म्हणाला, "मी गोळी-बिळी घेणार नाही हां. साइड इफेक्ट असतात. मी चालून बरं करतो." मी गप्प राहिले. नवा टोप मात्र आणायचा नाही, एवढं सांगितलं.

पहिल्या दिवशी तो सहा वाजता निघाला, पंचवीस मिनिटांनी घाम पुसत आला. दुसऱ्या दिवशी निघाला आणि पाऊण तास झाला तरी पत्ता नाही. मी बाल्कांवात येऊन उभी राहिले. लांबून पोदेराच्या सायकलचा भोंपू ऐकू येत होता. थोड्या वेळाने वळणावर नवरा दिसला, झपझप चालत येत होता, आणि हातात पेपरात गुंडाळलेल्या चार पोई होत्या, गरम.

"कोंड्याच्या आहेत," तो लांबूनच म्हणाला.